तळघरातली हवा

फरशी बसवणारे गावात पुष्कळ होते, पण 'मिस्त्री' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हाच यायचा. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती ठेवल्या जागी बसून राहायची. काम संपलं की तो घरमालकाच्या देखत गुडघ्यांवर बसून बोटाच्या पेरानं एकेक फरशी वाजवून बघायचा. एखादी पोकळ वाजली, तर कोणी काही बोलायच्या आत स्वतःच ती उखडायचा. "वरून गुळगुळीत आणि खालून पोकळ, अशी माणसं खपतात, फरशी खपत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायकोला ते इतकं पाठ होतं की त्याने 'वरून' म्हटलं की पुढचं तीच म्हणून टाकायची.

त्याला एक धाकटा भाऊ होता. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं, गल्लीसाठी तो रेडिओ. बिघडलेली कुठलीही वस्तू, रेडिओ असो, पंखा असो, मिक्सर असो, त्याच्या हाती दिली की चालू होऊनच परत यायची. हातात अशी जादू, पण तोंडात कायमची मिठाची गुळणी. गिऱ्हाईक समोर आलं की त्याला घाम फुटायचा. एका दुकानात टिकला नाही, दुसऱ्यात टिकला नाही, तिसऱ्या मालकानं तर मिस्त्रीला बोलावून सांगितलं, "तुमचा भाऊ सोन्याचा आहे, पण मला बोलणारं पितळ परवडेल."

आई-वडील लवकर गेलेले. धाकट्याचा बापही मिस्त्री आणि आईही मिस्त्रीच. भावासाठी घराखालीच जागा करायची ठरवताना त्याने फार विचार केला नाही. घर टेकडीच्या उतारावर, जुन्या दगडखाणीच्या अंगाला होतं, खाली अखंड खडक. सुट्टीच्या दिवशी लोक पाय ताणून पडायचे तेव्हा हा छिन्नी-हातोडा घेऊन स्वतःच्या घराखाली शिरायचा. येणारेजाणारे वाकून विचारायचे, "काय मिस्त्री, खजिना लागला का?" हा धुळीनं पांढरा झालेला चेहरा बाहेर काढून म्हणायचा, "लागला की पहिला तुम्हालाच कळवतो, उधारी फेडायची आहे ना तुमची."

खजिना नाही, पण खोली निघाली. एका बाजूला रस्त्याच्या पातळीला एक आडवी खिडकी, खाली उतरायला दगडी पायऱ्या. तीन भिंतींना गिलावा झाला. चौथी मात्र रेडिओनं तशीच ठेवायला सांगितली, कारण तो खडक करडा-गुलाबी होता आणि दिव्याच्या उजेडात त्यातले कण चमकायचे. "दादा, ही झाकू नकोस," एवढंच तो म्हणाला. त्या भिंतीला टेकून त्याचं टेबल लागलं, दुसऱ्या बाजूला खाट. बिघडलेल्या वस्तू लोक वर वहिनीकडे द्यायचे, दुरुस्त होऊन वहिनीकडूनच न्यायचे. मधल्या मध्ये रेडिओला कोणाशी बोलावं लागायचं नाही. तो इतका सुखी झाला की त्यानं घराबाहेर पडणंच जवळजवळ सोडलं.

वहिनी, म्हणजे मिस्त्रीची बायको, शाळेचे गणवेश शिवायची. उन्हाळ्यात वरची खोली तापायची, म्हणून तिचंही मशीन हळूहळू खाली गेलं. एका टोकाला हा तारा जोडतोय, दुसऱ्या टोकाला ती शिवतेय. तासन् तास कोणी बोलायचं नाही. कधी दोरा संपला तर न सांगता भाऊजी उठून रीळ पुढं करायचे. वर्षांनुवर्षं हे असं चाललं. मिस्त्रीच्या लेकीचं बालपण त्या दोघांच्या पायाशी खेळण्यात गेलं, मग ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली.

ती खोली बघून गल्लीतल्या इतरांनाही हौस सुटली. पोस्टमास्तरांनी मिस्त्रीकडूनच तळघर करून घेतलं, बेकरीवाल्या बाईंनी पिठाच्या पोत्यांसाठी करून घेतलं, आणखीही काहींनी. मिस्त्रीला ह्याचा अभिमान होता. अर्ध्या गल्लीच्या पायाखाली आपला हात आहे, असं तो म्हणायचा.

मग रेडिओला खोकला लागला. आधी सर्दीचा, मग धुळीचा, मग कशाचा ते कोणालाच सांगता येईना. एके सकाळी रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा मिस्त्रीनं त्याला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. फुफ्फुसाचा कर्करोग, आणि तोही पसरलेला. डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट किती वर्षं ओढताय? रेडिओ म्हणाला, कधीच नाही. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघून पुन्हा तोच प्रश्न केला. मग टेबलावर तारा कथलानं जोडताना निघणाऱ्या धुराबद्दल विचारलं, मान हलवली, आणि विषय उपचारांकडे वळवला.

पण तो दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न मिस्त्रीच्या डोक्यात कुसळासारखा रुतून बसला. आग असल्याशिवाय का धूर निघतो? घरी येऊन त्यानं भावाच्या टेबलाचे खण उपसले, गादीखाली हात घातला, कपाटातल्या सदऱ्यांचा वास घेतला. काही सापडलं नाही. सापडलं नाही ह्याचा अर्थ त्यानं असा लावला की भाऊ फारच हुशारीनं लपवत असणार. माणसाला राग धरायला काहीतरी लागतं. दगडावर, हवेवर, नशिबावर रागावून समाधान होत नाही, हाताशी असलेल्या माणसावर रागावता येतं.

एक दिवस दवाखान्यात तो बोललाच. "आयुष्यात तुला मी कशाला नाही म्हटलंय? मग माझ्याशी खोटं का बोलतोस?"

रेडिओ उशीला टेकून बसला होता. त्याला हसू आलं. "दादा, चोरून ओढायला तरी घराबाहेर पडावं लागतं ना," तो म्हणाला, आणि हसण्याचा खोकला झाला.

"तुला मजा वाटतेय. इथं वहिनीच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही."

रेडिओनं मग तोंड भिंतीकडे केलं. पुढं दोघं बोलत राहिले, चहा हवा का, गोळी घेतली का, उशी उंच करू का, असं सगळं बोलले, पण त्या विषयावर नाही. थंडी सरता सरता रेडिओ गेला. मिस्त्रीनं खालच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बायकोचं मशीन वर आणून ठेवलं. तिथं बसणं आता तिलाही नको होतं.

काही महिन्यांनी नगरपालिकेनं शाळेच्या सभागृहात गल्लीची सभा बोलावली. आरोग्य खात्याकडून एक चष्मेवाली तरुण बाई आली होती, तिला चांगलीच सर्दी झालेली. नाक पुसत पुसत तिनं सांगितलं की ह्या टेकडीच्या खडकात एक वायू तयार होतो, त्याचं नाव रेडॉन. तो जमिनीतून, भेगांतून वर येतो. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही.

"म्हणजे आमच्या मेव्हण्याच्या सल्ल्यासारखा," पोस्टमास्तर मागून म्हणाले, आणि सभागृह हसलं. मिस्त्रीही हसला.

ती बाईही हसली आणि पुढं बोलत राहिली. मोकळ्यावर हा वायू उडून जातो, त्याचा त्रास नाही. पण जमिनीला लागून असलेल्या बंद खोल्यांमध्ये, विशेषतः तळघरांत, तो साठतो. वर्षांनुवर्षं अशा हवेत श्वास घेतला तर फुफ्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त, पण कधीही न ओढणाऱ्यांनाही होतो.

मिस्त्रीच्या शेजारी त्याची बायको बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत राहिला. ओठांवरचं हसू काढून टाकायचंही त्याला सुचलं नाही, ते तिथंच वाळून गेलं.

तपासणी फुकट होती. बायकोनं घरी येता येताच नाव देऊन टाकलं. दोन दिवसांनी सभेतली तीच बाई, तपासणीवाली, घरी आली. शाईच्या दौतीएवढी एक काळी डबी तिनं तळघरात, खाटेजवळ, छातीच्या उंचीवर दोरीनं टांगली. आठवडाभर दारं-खिडक्या बंद ठेवा, पंखा लावू नका, डबीला हात लावू नका, असं समजावून सांगितलं. जाता जाता तिनं उघड्या खडकाच्या भिंतीवर तळवा टेकवला आणि विचारलं, "इथं कोण राहतं?"

"भाऊजी राहायचे," बायको म्हणाली. "गेले ते. फुफ्फुसाचंच."

तपासणीवाली काहीतरी बोलणार होती, पण तिनं नुसतीच मान खाली घातली. तिनं काही म्हटलं असतं तर मिस्त्री तिच्याशी भांडला असता. न म्हटलेल्या शब्दाशी भांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बायको गणवेश पोचवायला बाहेर पडली, तसा तो खाली उतरला. आडवी खिडकी सताड उघडली, पायऱ्यांवरचं दार उघडलं, टेबलावरचा पंखा खिडकीच्या दिशेनं लावून दिला. कामावरून लवकर परत येऊन सगळं होतं तसं बंद केलं. मग आठवडाभर हेच. घर विकायचं नव्हतं, कोणाला फसवायचं नव्हतं. का करतोय, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. त्या खडकानं तोंड उघडू नये, एवढंच त्याला हवं होतं.

खडकानं उघडलं नाही. तपासणीवालीचा फोन आला, आकडा मर्यादेच्या आत होता. बायकोनं फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "सुटले बाई. मी आपली मनात काय काय आणत होते, आपणच त्यांना तिथं ठेवलं म्हणून." मिस्त्री त्या दिवशी चार घास जास्त जेवला. नवल म्हणजे त्यालाही खरंच हायसं वाटलं. खिडकी उघडली ती काही फार उघडली नव्हती, पंखा काही फार मोठा नव्हता, खरा आकडाही असाच आला असता, असं तो स्वतःला सांगत गेला आणि ते त्याला पटतही गेलं.

हे असंच चाललं असतं, पण लेक घरी आली. जावयाचा कारखाना दुसरीकडे हलला होता. तिकडे घर मिळेपर्यंत लेक आणि नात इथं राहणार होत्या. नात सहा-सात वर्षांची, एका जागी क्षणभर ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. वर दोनच खोल्या. बायको साहजिकच म्हणाली, "खाली मोकळी खोली आहे. हवाही तपासून झालीय." भिंगरी तर तिथं राहायला मिळणार म्हणून नाचायला लागली. चमकणाऱ्या भिंतीची गोष्ट तिनं आईकडून ऐकलेली होती.

मिस्त्री म्हणाला, ओल आहे, आधी वाळू दे. मग म्हणाला, वायरिंग जुनं झालंय, पोरीला शॉक बसायचा. मग रंग काढायचा निघाला, मग उंदीर निघाले. बायको म्हणाली, उंदीर तर मी इतक्या वर्षांत बघितला नाही. त्याच दिवशी त्यानं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. वरच्या दोन खोल्यांत चौघं दाटीवाटीनं झोपू लागले. लेकीला इथं तेवढ्यापुरत्या धरलेल्या नोकरीवर लवकर जायचं असायचं, तिची झोप होईना. पण बापाला काही म्हणायचं नाही म्हणून ती गप्प राहिली आणि मनात गाठ बांधत गेली. काकांच्या खोलीत बाबांना आपण नको आहोत. काकांपुढं आपण परक्याच.

एका दुपारी भिंगरी शाळेत असताना लेक बाहेरून आली ती भाड्याची खोली बघूनच. बायको मशीनवर होती, मिस्त्री नुकता जेवून उठला होता.

"पुढच्या आठवड्यात आम्ही हलतो," लेक म्हणाली. "बाबा, आम्ही नको असलो तर तोंडानं सांगायचं होतं. कुलूप कशाला दाखवायचं?"

"नको असं कोण म्हणालं?"

"मग किल्ली द्या."

मिस्त्रीचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. आणखी एक थाप त्याला सुचली होती, पाण्याच्या पाइपाची, जिभेवर आलीही होती. पण समोर पोटची पोर रडू आवरत उभी होती, आणि तिला आपण नकोशी आहोत असं वाटत होतं. तो भिंतीला धरून खाली बसला.

"ती तपासणी खोटी आहे," तो म्हणाला. "मी खिडकी उघडायचो. रोज. पंखा लावायचो. खाली काय आहे ते मला माहीत नाही. पण पोरीला तिथं झोपवू नको."

मशीन थांबलं. लेक आईकडे बघू लागली. बायकोनं सुईखालचं कापड सावकाश काढून घेतलं, घडी घातली.

"भाऊजींना तुम्ही सिगारेटवरून बोललात," ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. ते मी समजू शकते."

"नव्हतं गं. शपथ."

"पण खिडकी उघडलीत तेव्हा ठाऊक होतं."

तो फरशीच्या सांध्यावरून बोट फिरवू लागला.

"आणि मी?" ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. "त्या खोलीत मीही बसत होते ना? इतकी वर्षं. माझं तुमच्या मनात आलं नाही?"

आलं नव्हतं. हेच खरं होतं आणि ह्याहून वाईट काही असू शकत नव्हतं. त्याच्या डोक्यात मेलेला भाऊ होता आणि तो स्वतः होता. हिचं मशीन त्यानं आपल्या हातानं उचलून वर आणलं होतं, पण ज्या हवेत ते चालत होतं ती हिच्याही छातीत गेली असेल, हे त्याला ह्या घडीपर्यंत सुचलं नव्हतं. त्यानं मान हलवली. ती उठून आत गेली. लेकही तिच्या मागं गेली. त्या दुपारी त्याला कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्यानं त्या आनंदानं खाल्ल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता तो आरोग्य खात्याच्या कचेरीत गेला. तपासणीवालीसमोर उभा राहून त्यानं आपण काय केलं ते एका दमात सांगितलं. तो धरून चालला होता की ती चिडेल, दंड करेल. तिनं त्याला खुर्ची दिली. म्हणाली, असं करणारे तुम्ही पहिले नाहीत. कोणी घर विकायचं म्हणून करतं, कोणी भीतीनं करतं. मग तिनं दुसरी डबी काढली. ही जास्त दिवस टांगायची होती.

ह्या वेळी दाराची किल्ली बायकोनं आपल्याकडे ठेवून घेतली. नुसता हात पुढं केला.

आकडा आला तेव्हा सांगायला तपासणीवाली स्वतः घरी आली. मर्यादेच्या कितीतरी पट. तिनं तो आकडा दोनदा सांगितला. मग पुढं काय करायचं ते सांगू लागली. मिस्त्रीनं तिला मध्येच थांबवलं.

"बाई, एकच सांगा. माझा भाऊ ह्यानंच गेला का?"

"ते सांगता येत नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला येत नसेल. मोठ्या डॉक्टरला येईल?"

"कोणालाच नाही येणार. त्या खोलीत धोका होता, हे नक्की. पण त्यांचं दुखणं ह्या वायूमुळं झालं, की त्यांच्या कामातल्या धुरामुळं, की दोन्हींमुळं, की दुसऱ्याच कशामुळं, हे दुखण्यावर लिहिलेलं नसतं. ह्याहून जास्त ठामपणे काही सांगितलं तर ते खोटं होईल."

हो म्हटली असती तर त्यानं कपाळ फोडून घेतलं असतं. नाही म्हटली असती तर सुटला असता. ती दोन्ही म्हणाली नाही, आणि असं अधांतरीच त्याला आता जन्मभर राहायचं होतं. एक गोष्ट मात्र नक्की झाली होती. भाऊ खोटं बोलला नव्हता. ते कळायला डबी लागायला नको होती.

उपाय ऐकायला सोपा होता. तळाच्या फरशीला भोक पाडून खालच्या खडीत पाइप घालायचा, तो भिंतीलगत छपराच्या वर न्यायचा, त्याला पंखा जोडायचा, म्हणजे वायू खोलीत शिरायच्या आत वरच्या वर बाहेर जातो. भेगा बुजवायच्या. ती उघडी भिंतही झाकायची. मिस्त्रीनं बाहेरचा कोणी माणूस लावला नाही. स्वतःच्याच हातची फरशी त्यानं स्वतः फोडली. भिंतीची पाळी आली तेव्हा त्याचे हात बराच वेळ थांबले. मग त्यानं थापी उचलली आणि वरपासून खालपर्यंत सिमेंट मारलं. काम सुरू असताना बायको खाली आली नाही. जेवणाचा डबा पहिल्या पायरीवर ठेवून जायची.

पंखा बसल्यावर पुन्हा मोजलं. आकडा अगदी खाली आला. लेकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आकडा पटतो, बाबा. मन मानत नाही." ती वरच राहिली. भाड्याच्या खोलीचा विचार मात्र तिनं सोडला, आणि जावयाला घर मिळाल्यावर निघताना तिनं बापाच्या हातावर हात ठेवला, तो थोडा वेळ ठेवला.

तोवर मिस्त्रीच्या मागं दुसरं काम लागलं होतं. गल्लीतली ती सगळी तळघरं. सभेनंतर फार थोड्यांनी तपासणी करून घेतली होती, आणि त्यातही एक कारण मिस्त्री होता. मिस्त्रीच्या घरात काही निघालं नाही तर आपल्यात काय निघणार, असं लोक म्हणत होते. आता तो दारोदार जाऊन सांगू लागला, माझा पहिला आकडा खोटा होता, तुम्ही मोजून घ्या.

पोस्टमास्तरांनी त्याला बसा म्हटलं नाही. त्यांच्या तळघरात मुलाचा संसार होता. "तुमच्या मनाला टोचणी लागली ती तुमची तुम्ही भोगा," ते म्हणाले. "आमच्या पोराच्या डोक्यात ह्या वयात ही धास्ती कशाला घालताय?" मिस्त्री म्हणाला, मोजून घ्या, नाही निघालं तर मला जोडे मारा. त्यांनी दार लावून घेतलं. इतक्या वर्षांचा शेजार त्या दारात संपला. रस्त्यात दिसले तर ते पलीकडच्या बाजूनं जात. पुढं त्यांच्या सुनेनं गुपचूप तपासणीवालीला बोलावलं, असं मिस्त्रीच्या कानावर आलं. काय निघालं ते त्याला कोणी सांगितलं नाही.

बेकरीवाल्या बाई मात्र लगेच तयार झाल्या, आणि त्यांचा आकडा मिस्त्रीपेक्षाही वर निघाला. नवरा गेल्यापासून, पहाटे भट्टी पेटवायला बरं म्हणून, त्या खालीच झोपत होत्या. त्या मिस्त्रीला इतकं बोलल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्यांचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, पाइप घालायला कधी येऊ? "उद्याच ये, मेल्या," त्या म्हणाल्या.

ह्या सगळ्यात बायकोशी त्याचं बोलणं कामापुरतं उरलं होतं. ती रागावलेली दिसत नसे. जेवायला वाढायची, औषधाची आठवण करून द्यायची, कोणी आलं तर हसायचीही. पण त्याने 'वरून' म्हटलं तरी ती पुढचं वाक्य म्हणत नसे, आणि मग त्यालाही ते म्हणवेना.

लेकीच्या आग्रहावरून बायकोच्या छातीची तपासणी झाली. फुफ्फुसात एक बारीक ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, जुन्या न्यूमोनियाचा व्रण असू शकतो, घाबरायचं कारण नाही, पण काही महिन्यांनी पुन्हा बघू. ते महिने मिस्त्रीनं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. ती शिंकली तरी तो दचकायचा. ती म्हणायची, "मिरचीची फोडणी आहे, जरा बाजूला व्हा."

पुन्हा बघायचा दिवस आला. तपासणीच्या खोलीबाहेर दोघं बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर हात धुण्याची चित्रं लावलेली होती, मिस्त्री ती एकामागून एक वाचत होता. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्याची माफी मागायची राहून गेली."

"हो," ती म्हणाली.

"तुझीही राहिलीय."

तिनं मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले.

"मी तुझा विचारच केला नाही," तो म्हणाला. "मुद्दाम नाही. पण केला नाही. हे मला कुठं ठेवू तेच कळत नाही."

आतून तिला हाक आली. ती उठली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही. गळ्यातली साखळी काढून तिनं रुमालात गुंडाळली, पिशवीत टाकली आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. "धरा नीट," म्हणाली आणि आत गेली.

ठिपका होता तेवढाच होता. डॉक्टर म्हणाले, वाढलेला नाही ही चांगली गोष्ट आहे, पण पुढच्या वर्षी परत यायचं. मिस्त्रीनं विचारलं, पुढच्या वर्षीही एवढाच राहील ना? डॉक्टर म्हणाले, तशी आशा करू या.

बाहेर ऊन कडक होतं. बसथांब्यावर सावली थोडीच होती. ती सावलीत जाऊन उभी राहिली आणि जरा सरकून तिनं त्याला जागा करून दिली. बस येईपर्यंत दोघं तिथं उभे राहिले. पुढच्या वर्षी भिंगरी केवढी झालेली असेल, ह्यावर ते थोडं बोलले.